तीन तारेवालेच खरं बोलतात

"हॅलो?... हॅलो, ताई?... हो, हो, येतंय ऐकू. थांब, मी बाहेर येतो, आत रेंज नाहीये... अगं थांब ना, दार अडकलंय... हां. बोल आता."

रेंज आतही होती. पण आत आई दिवाणावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती, आणि केयूरला हा फोन तिच्यासमोर नको होता. कर्जतला नदीपलीकडे, दहिवलीत त्यांचं घर. गॅलरीत एक प्लास्टिकची खुर्ची, वाळत घातलेले दोन टॉवेल आणि उल्हास नदीकडून येणारे डास, एवढाच थाट. संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. त्याची थोरली बहीण आसावरी टोरांटोला, तिच्याकडे नुकतं उजाडत होतं. पंधरा दिवसांनी तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्याआधी आई जवळ हवी, एवढं एकच तिचं मागणं होतं, आणि ते वावगं आहे असं कोण म्हणेल?

आईचा व्हिसा जुना, अजून मुदत असलेला. केयूरचा आणि त्याची बायको समिधा हिचा दोनदा नाकारलेला. म्हणजे आईला जायचं तर एकटीनं जायचं. मध्ये एका परक्या विमानतळावर सात तास थांबायचं आणि तिथून दुसरं विमान धरायचं. तिकीट आसावरीनं धरून ठेवलं होतं. आपल्याकडचे रात्रीचे आठ वाजायच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं, आणि ते सांगण्याचं काम केयूरकडे आलं होतं.

"नाही, नाही ठरवलं अजून... अगं, चार दिवस तेच तर करतोय. वाचतोय. सगळं वाचतोय... किती म्हणजे? साडेसहाशे वाचले असतील... या विमान कंपनीबद्दल साडेसहाशे माणसांचे अभिप्राय, ताई, थट्टा नाहीये... हो, चार पॉइंट दोन आहे. बघितलं मी... मग काय झालं? आपल्या उल्हासकाठचे चार पॉइंट सात आहेत."

गाठ इथंच होती. उल्हासकाठ म्हणजे केयूरचं नऊ खोल्यांचं रिसॉर्ट, गावाबाहेर नदीला लागून. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायची, पोहायच्या टाकीत डुंबायची आणि सोमवारी सकाळी निघायची. निघताना, बिल हातात पडायच्या आधी, गरम कांदाभजीची बशी टेबलावर यायची. भजी तोंडात असतानाच केयूर म्हणायचा, सर, जमलं तर दोन ओळी टाका ना. तोंडात भजी असलेला माणूस एक तारा देत नाही, हा त्याचा अकरा वर्षांचा अनुभव. बाकीचे तारे मावशी, मामेभाऊ आणि शाळासोबती यांनी आपापल्या घरी बसून दिलेले. खुद्द आसावरीनं टोरांटोहून लिहिलं होतं की इथली सकाळ अविस्मरणीय आहे. तेव्हा उल्हासकाठच्या खोल्यांना दारंसुद्धा लागली नव्हती.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं आता त्याचं झालं होतं. दुसऱ्या कुणी चार पॉइंट दोन बघितले असते आणि पाय ताणून झोपला असता. केयूरला प्रत्येक ताऱ्यामागे भजीची बशी दिसत होती.

"पाच तारेवाले सोड गं. ते घरचेच असतात... हसू नको, तुला माहितीये मी काय म्हणतोय ते... एकाच दिवशी अकरा जणांनी लिहिलंय, कर्मचारी म्हणजे जणू घरची माणसं. अकरा जणांनी, तेच शब्द... हो ना... आणि एक तारेवालेही सोड. त्यांची बॅग हरवलेली असते, नाहीतर निघताना बायकोशी वाजलेलं असतं... तीन तारे, ताई. तीन तारेवालेच खरं बोलतात. ज्याला राग पण आलेला नाही आणि भजी पण मिळालेली नाही... अगं भजी म्हणजे... जाऊ दे. ऐक ना, मी लिहून काढलंय. वाचू?"

त्यानं खिशातून उल्हासकाठचं जुनं मेनूकार्ड काढलं. मागची कोरी बाजू बारीक अक्षरांनी भरून गेली होती. हा माणूस मिक्सर घेताना तीन दुकानं आणि पाच शेजारी विचारून घेणारा. आईच्या बाबतीत तो मेनूकार्डाच्या एका बाजूवर थांबला, हेच नवल.

"एक. नागपूरच्या बाई आहेत. वडील शहाऐंशी वर्षांचे. मुंबईत व्हीलचेअर लगेच मिळाली, ढकलणारा मुलगा फार नम्र... हो, चांगलंच आहे, पण पुढे ऐक ना. मधल्या विमानतळावर त्यांना व्हीलचेअरसकट एका खांबापाशी नेऊन ठेवलं. चार तास कुणी फिरकलं नाही. वडील पाणी प्यायले नाहीत, कारण मग बाथरूमला कोण नेणार?... हो... तीन तारे दिलेत. जेवण गरम होतं म्हणून तीन... दोन. एक केरळचे गृहस्थ. त्यांच्या आईचं गेट ऐन वेळी बदललं. घोषणा झाली, पण या बाईंना वाटलं ती दुसऱ्या कुणासाठी आहे... नाही, विमान नाही चुकलं. शेजारी बसलेल्या एका प्रवाशानं नेलं. प्रवाशानं, ताई. कंपनीच्या माणसानं नाही..."

"...हो, कंपनीनं खाली उत्तर दिलंय की. 'प्रिय प्रवासी, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' सगळ्यांना हेच. खांबापाशी ठेवलेल्याला हेच आणि थंड चहावाल्याला पण हेच... मला कसं कळलं म्हणजे? अगं, मीच हेच लिहितो. मागे एकाच्या खोलीत विंचू निघाला, त्याला शब्द न् शब्द हेच लिहिलं होतं."

एवढ्यात कानाशी टूंटूं वाजलं. त्यानं फोन डोळ्यांसमोर धरला. चार नंबरच्या खोलीतून फोन येत होता, गरम पाणी बंद पडलं असणार. त्यानं तो कापला. चार नंबरवाला उद्या एक तारा देईल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि पहिल्यांदाच त्याचं त्याला काही वाटलं नाही.

"नाही, नाही, आहे मी. हॉटेलचा होता... विचारलं ना माणसांना. नुसतं वाचत नाही बसलो. शरच्चंद्र काकांना विचारलं. ते दोनदा गेलेत याच विमानानं... ते काय सांगणार, दोनदा गुलाबजाम मागितला, दोनदा दिला म्हणाले. अव्वल कंपनी... अगं, त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय शाळेत, गुडघे ठणठणीत आहेत. त्यांना गुलाबजामच आठवणार... रोहिदासला पण विचारलं... रोहिदास गं, आपली गाडी चालवतो तो... नाही, तो कशाला बसतोय विमानात? पण तो बाहेर उभा असतो ना, पाहुण्यांची पाटी धरून..."

रोहिदास माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीतला. विमानतळाच्या आत त्यानं कधी पाऊल टाकलेलं नाही, पण बाहेर येणाऱ्या माणसाच्या तोंडावरून तो कुठल्या विमानातून उतरला हे ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. केयूरचा शरच्चंद्र काकांपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास होता.

"...तो म्हणाला, 'दादा, कंपनी बरी हाय. पन ती खुर्ची ढकलनारी पोरं कंपनीची नाय, ठेक्याची हायेत. एकाला चार-चार म्हातारी वाटून देतात. गाडीपर्यंत हात धरून आनतो एखादा, एखादा दारातच सोडून जातो. नशिबाचा भाग हाय'... हो, मुंबईचंच सांगत होता तो. पण तिथंही तसंच असणार ना?... मला कसं माहीत असणार, ताई, मी कुठं गेलोय? मला दारातसुद्धा उभं करत नाहीत."

"केयूर," आतून आईची हाक आली. "अरे केयूर, उशीर झाला. आपण घरी कधी जायचं?"

त्यानं हाताच्या ओंजळीनं फोन झाकला.

"...काही नाही. टीव्ही गं. टीव्हीवर काहीतरी चाललंय..."

टीव्ही बंद होता. आणि आई ज्या घरी जायचं म्हणत होती, त्याच घरात ती एक्केचाळीस वर्षं राहत होती.

वर्षभरापासून हे असं होतं. सकाळी विमलबाई लख्ख असायच्या. अंघोळ, देवपूजा, चहा, पेपरातली छोटी बातमी मोठ्यानं वाचून दाखवणं, सगळं जागच्या जागी. ऊन उतरू लागलं की एकेक गोष्ट निसटायची. गॅसचं बटण, सुनेचं नाव, वार, मग घर. पनवेलच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं आणि ती फाइल केयूरनं कपाटात उल्हासकाठच्या परवान्यांच्या खाली घातली होती. आसावरीला त्यानं यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, वय झालंय, थोडंफार चालायचंच. मग जूनमध्ये आसावरीच्या हृदयाचं निघालं आणि तिला कसलाही धक्का नको असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं. त्यानंतर सांगायची वेळच आली नाही.

म्हणून त्यानं आईचे फोन सकाळी साडेआठला ठेवले. तिकडे रात्र असे, आसावरी झोप आवरून बसे. फोनच्या आधी तो आईला आसावरी, जावई, नातू अशी सगळ्यांची आठवण करून देई. आठवड्याला पाच-सहा व्हिडिओ काढी आणि त्यातला एक पाठवी. आई पुरण वाटतेय, आई तुळशीला पाणी घालतेय, आई हसतेय. खरं सांगायचं तर उल्हासकाठचे तारे जमवले तसेच केयूरनं आईचेही जमवले होते. चार पॉइंट सात. आणि तेवढ्याच भरवशावर आसावरीनं तिकीट धरून ठेवलं होतं.

"तसं नाही... मला पाठवायचंय ताई. कोण म्हणतंय नाही पाठवायचं?... हे बघ, असं नको बोलू. मी कधी म्हटलं की आई माझ्याकडेच... नाही गं, समिधा काही म्हणत नाही. तिचा काय संबंध? उलट तीच आईचे स्वेटर काढून बसलीये... ताई. ताई, ऐक ना. ऐकून तरी घे..."

"...दुसरी कंपनी बघितली. तिचं विमान मध्ये दोनदा बदलावं लागतं... थेट जाणारं या महिन्यात नाही. होतं ते भरलंय... ओळखीचं कुणी चाललंय का? विचारलं. नेरळचे एक जण जानेवारीत जाणारेत... हो, माहितीये, जानेवारी म्हणजे काय उपयोग... हेल्पलाइन? चार वेळा. चार वेळा केली, ताई. प्रत्येक वेळी वेगळी मुलगी. एक म्हणाली, काळजी करू नका सर, आम्ही आहोत. म्हटलं तुम्ही म्हणजे कोण, नाव सांगा, तर म्हणाली नाव सांगता येत नाही..."

त्याला हसू आलं. उठून त्यानं गॅलरीच्या कठड्याला हात टेकला. समोर माथेरानचा डोंगर काळपट होत चालला होता.

"फॉर्म?... भरलाय. अर्धा... अर्धा म्हणजे, व्हीलचेअर हवी, हो. पायऱ्या चढता येतात का, थोड्या. जेवण शाकाहारी. एक प्रश्न राहिलाय... वाचतो. प्रवासी दिलेल्या सूचना स्वतः समजून घेऊन त्याप्रमाणे वागू शकतो का?... हो किंवा नाही. दोनच चौकोन आहेत... नाही लिहिलं तर सोबत माणूस लागतो. एकट्याला घेतच नाहीत..."

"...हो लिहिता येईल. येईल ना. बोटानं दाबायचं फक्त... ऐकू चांगलं येतं तिला, तो प्रश्न नाहीये... इंग्रजीचाही नाही... मग काय म्हणजे?..."

खोटा अभिप्राय लिहिणं त्याला नवीन नव्हतं. शेकड्यांनी लिहून घेतले होते. पण आजवर त्याच्या खोट्यापायी फार तर कुणाला गरम पाणी मिळालं नव्हतं.

"ताई, तू बसलीयेस का?... बस ना आधी. भाऊजी आहेत जवळ?... बरं. नाही, काही झालं नाही. आत शेंगा सोलत बसलीये, ठीक आहे. तू पाणी पी थोडं... अगं घाबरू नको. मी सांगतो. गेल्या महिन्यात शिळफाट्याला..."

"...खोपोलीला नेलं होतं, चष्म्याचा नंबर काढायला. शिळफाट्याला ही गर्दी. गाडी लावायला जागा नव्हती. मी तिला एका कापडाच्या दुकानात बसवलं. म्हटलं, आई, इथून हलू नको, गाडी लावून आलोच... हो, पाच मिनिटं. फार तर सात... आलो तर नव्हती... दुकानदार म्हणाला, बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणाल्या आणि उठून गेल्या... मी नव्हती मारली हाक. कुणीच नव्हती मारली... साडेतीन तास, ताई. बाजार, रिक्षा स्टँड, पूल, देवळं, सगळं. रोहिदासला बोलावून घेतलं. त्यालाच सापडली. एसटी स्टँडवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. त्याला म्हणाली, तुम्ही जा, मला न्यायला नानामामा येतोय."

नानामामा म्हणजे विमलबाईंचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

"हॅलो?... आहेस ना?... हो. नानामामा... वर्ष झालं. थोडं जास्तच... दाखवलं ना, पनवेलला. गोळ्या चालू आहेत... नाही सांगितलं. नाही सांगितलं मी तुला... कसं सांगणार होतो? तुझा तो रिपोर्ट आला ना जूनमध्ये... व्हिडिओ? व्हिडिओ खरेच आहेत गं. फक्त चांगले तेवढे पाठवले... हो. बाकीचे पुसून टाकले..."

"...मी तिचा पोटचा पोरगा, ताई. मला सात मिनिटं जमलं नाही. आपल्या गावात, आपल्या भाषेत जमलं नाही. मग त्यांना सात तास कसं जमेल? ते वाईट नाहीयेत. मी साडेसहाशे वाचलेत, खरंच वाईट नाहीयेत ते. पण त्यांनी आईला सांगितलं, आजी, इथून हलू नका, आणि तिला कुणीतरी हाक मारली तर?"

बोलून झालं. इतके दिवस छातीवर बसलेलं एकदाचं बाहेर पडलं, आता निदान हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"...काय?... खोटं कशाला सांगू?... आईला पाठवायला नको म्हणून रचलंय? असलं कोण रचेल, ताई?... शपथ. आईची शपथ... बरं. बरं, देतो तिच्याकडे. बोल तू. पण आत्ता तिन्हीसांजा आहेत, या वेळेला ती जरा... उद्या सकाळी बोलशील का? सकाळी छान बोलते... अगं तेच. तेच तर सांगतोय मी... ठीक आहे. नाही सांगत. कुणाचा फोन ते नाही सांगत. नुसता देतो."

तो आत आला. आईनं सोललेल्या शेंगांची टरफलं एका ताटात आणि दाणे दुसऱ्या ताटात नीट वेगळे ठेवले होते. हात अजून तरबेज होते. केयूरनं दिवा लावला आणि फोन तिच्या हातात दिला. "आई, फोन," एवढंच म्हणाला आणि समोर उभा राहिला. लहानपणी आसावरीची पाढ्यांची परीक्षा असली की तो दाराआडून असाच ऐकत उभा राहायचा आणि तिचं चुकू नये म्हणून मनातल्या मनात पाढा म्हणायचा. आत्ताही आईचं चुकू नये असंच त्याला वाटत होतं. सिद्ध व्हायला हवं होतं ते उलटं.

"हॅलो?... हो, मीच बोलतेय... बरी आहे की. मला काय धाड भरलीये?... शेंगा सोलत बसलेय, वालाच्या. जेवण झालं का?... अगंबाई. मग दोन घास तरी खाऊन घ्यावेत. उपाशीपोटी औषध घेऊ नये... हो... हो... अरे वा... येते ना. न यायला काय झालं?... विमानानं होय? बसेन की. मागे नव्हते का बसले, खिडकीशी बसले होते... स्वेटर घेते, मफलर घेते... नाही, नाही, भीती कसली? माणसं असतात ना सगळीकडे... बरं. बरं हं. काळजी घ्यायची."

केयूर थक्क होऊन ऐकत राहिला. बाहेरच्या कुणीही ऐकलं असतं तर म्हटलं असतं, या बाईंना काही झालेलं नाही. त्याच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. एवढ्या बोलण्यात तिनं एकदाही आसा म्हटलं नव्हतं. तू म्हटलं नव्हतं आणि तुम्हीही म्हटलं नव्हतं. अशी वाक्यं ती अलीकडे जोडू लागली होती, त्या कंपनीच्या उत्तरांसारखी, कुणालाही चालतील अशी.

आईनं फोन परत दिला. त्यानं तो कानाला लावला.

"हॅलो... हो, ऐकलं... हो, छान बोलली. छानच बोलली गं... नाही, मी खोटं नाही... म्हणजे हो, तुझं पण बरोबर आहे... खिडकीशी बसली होती हे तिला आठवलं, हो. मलाही नव्हतं आठवत..."

आणि खोटं कशाला बोला, क्षणभर त्यालाही वाटून गेलं की आपणच उगाच बाऊ करतोय. सात तासांचा तर प्रश्न. एक चौकोन दाबला की झालं. तिकडे लेक ऑपरेशनला जायच्या आधी आईच्या मांडीवर डोकं ठेवेल. पोहोचल्यावर कोण विचारतंय मध्ये काय झालं ते? माणसं असतात ना सगळीकडे, आईच म्हणाली. त्या केरळच्या बाईंना नाही का एका प्रवाशानं नेलं?

"...हो. हो, मग... तिकीट पक्कं कर तू तिकडून. मी इकडे फॉर्मचं बघतो... हो, हो म्हणूनच भरतो. आत्ता, तुझ्यासमोरच..."

"कोण होती रे ती?" आईनं विचारलं. हातात शेंग होती, नजर शेंगेवर होती. "गोड बोलत होती. मला घरी ये म्हणत होती. कुणाची कोण."

फोन केयूरच्या कानाशी होता, आणि आई हातभरावर.

"...ताई?... ताई, ती... हो. ऐकलंस तू... ताई, रडू नको. अगं तुला रडायचं नाहीये, डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला... ताई, ऐक ना... श्वास घे. भाऊजींना हाक मार... मी काय करू सांग. तूच सांग. तुला येता येत नाही, मला येऊ देत नाहीत... नाही गं. असं नको ना रडू. ताई..."

दिलगीर आहोत, अभिप्राय मोलाचा आहे, एवढंच काय ते त्याला लिहिता यायचं, आणि तेही कधी तोंडानं म्हणावं लागलं नव्हतं. तो नुसता ताई, ताई करत उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

आईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. आतला रडण्याचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचत असणार. तिनं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि उठून त्याच्या हातातून फोन घेतला.

"हॅलो... अहो, रडू नका. ऐका माझं. तिन्हीसांजेला असं रडू नये... काय झालं? आई नाही होय जवळ?... हो... हो, कळतं हो मला... येईल ना तुमची आई. का नाही येणार? लेक एवढी हाका मारतेय म्हटल्यावर तिला घरात राहवेल का?... निघाली असेल बघा. वाटेत असेल... पुसा बघू डोळे. ठेवू मी? ठेवते हं."

तिनं लाल बटण दाबलं आणि फोन केयूरच्या हातात दिला.

"फार लागलंय रे तिला," ती म्हणाली. "तिच्या आईला कळवा कुणीतरी."

आणि ती पुन्हा शेंगा सोलायला बसली.